वय आणि कामगिरी : मायनर लीग बेसबॉलमधील आकड्यांचा अर्थ

अमेरिकेतील बेसबॉलच्या एखाद्या दुय्यम लीगमध्ये, एकाच हंगामात, दोन फलंदाजांची सरासरी ०.३०० भरली असे समजू. एकाचे वय १९, दुसऱ्याचे २५. कोष्टकात या दोन ओळी एकीखाली एक सारख्याच दिसतील; परंतु संघचालक पहिल्याला भविष्यकाळाची ठेव मानतील आणि दुसऱ्याला बहुधा जागा भरून काढणारा गडी. हा भेद केवळ तारुण्याच्या कौतुकातून आलेला नाही. त्यामागे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी एक अडचण आहे आणि तिचाच विचार येथे करावयाचा आहे. (बेसबॉलमधील सरासरी धावांची नसते, फलंदाजीच्या दर अधिकृत संधीमागे साधलेल्या यशस्वी फटक्यांचे ते प्रमाण होय. क्रिकेटच्या सरासरीशी तिचा घोटाळा होऊ देऊ नये.)

मायनर लीग ही स्वतंत्र स्पर्धा म्हणण्यापेक्षा मेजर लीगची उमेदवारीची शाळा आहे. सेंट लुइस कार्डिनल्स संघाचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात दुय्यम संघ आपल्या ताब्यात घेऊन तेथे खेळाडू तयार करण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे सर्वच संघांनी ती उचलली. २०२१ मध्ये झालेल्या पुनर्रचनेनंतर मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाकडे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए अशा चढत्या चार पायऱ्यांवर एकेक, म्हणजे एकूण १२० संघ आहेत. त्यांखाली अगदी नवशिक्यांच्या लीग आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला आदी देशांतील मुले १६ व्या वर्षी करारबद्ध होऊ शकतात, अमेरिकेतील शालेय खेळाडू १८ च्या सुमारास येतात, तर महाविद्यालयातून येणारे बहुधा २१ वर्षांचे असतात. वरची पायरी कोणी केव्हा चढावी हे संघचालक ठरवितात. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

वयाचा परिणाम शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका लीगमधील खेळाडूंचे वयवार गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी काढणे. हा मार्ग सोपा आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. डबल-ए पायरीवर विसाव्या वर्षी ज्याला उतरविले जाते तो हजारांत एक असतो. त्याच पायरीवर पंचवीस वर्षांचा जो दिसतो, त्याच्या बरोबरीचे उत्तम खेळाडू आधीच वर गेलेले असतात आणि अगदी सामान्य होते ते घरी परतलेले असतात. म्हणजे या दोन गटांची तुलना करताना आपण विशीची व पंचविशीची तुलना करीत नाही; दोन निरनिराळ्या चाळण्यांतून उरलेल्या माणसांची तुलना करतो. येथे वय हे कामगिरीचे कारण असण्याबरोबरच पूर्वी घेतलेल्या निर्णयांची खूणही आहे.

मग एकाच खेळाडूची लागोपाठच्या दोन हंगामांतील कामगिरी ताडून पाहावी, असे कोणीही सुचवील. हा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध खरा, पण त्यातही चाळणी आहेच. एखाद्या वर्षी ज्याला दैवाने दगा दिला त्याला पुष्कळदा पुढचे वर्ष मिळतच नाही. त्यामुळे त्याची जोडी जुळत नाही. ज्यांची जोडी जुळते त्यांत पहिल्या वर्षी दैवाची साथ लाभलेले अधिक असतात आणि दुसऱ्या वर्षी ते आपल्या स्वाभाविक पातळीकडे परततात. याला आपण वयोमानाने आलेली उतरण समजून बसतो.

मेजर लीगच्या अभ्यासकांना एवढीच अडचण आहे. बिल जेम्स यांनी १९८२ च्या आपल्या वार्षिक ग्रंथात फलंदाजाचा बहर २७ व्या वर्षाच्या आसपास असतो असे दाखविले, ते अशाच सामग्रीवरून. मायनर लीगमध्ये मात्र आणखी एक गुंता पडतो. तोच खेळाडू पुढच्या हंगामात बहुधा वेगळ्या पायरीवर असतो. त्याच्या आकड्यांतील फरकात वयाचा परिणाम, पायरीचा परिणाम आणि दैवाचा भाग असे तीन घटक मिसळलेले असतात. पायरीचा परिणाम वेगळा काढावा तर वयाने किती सुधारणा झाली ते आधी ठाऊक असले पाहिजे. आणि ती सुधारणा मोजावी तर दोन पायऱ्यांतील अंतर आधी ठाऊक असले पाहिजे! जेम्स यांनीच १९८५ मध्ये मायनर लीगमधील आकडे मेजर लीगच्या परिमाणात रूपांतरित करण्याची रीत मांडली. तिच्या नंतरच्या सर्व सुधारित आवृत्त्यांना या चक्रातून वाट काढावी लागली आहे. एक वाट अशी : ज्यांना हंगामाच्या मध्येच बढती मिळाली तेवढ्यांचेच आधीचे व नंतरचे आकडे घ्यावयाचे; मधल्या काही आठवड्यांत वय असे वाढत नाही. युक्ती चतुर आहे. परंतु बढती मिळते ती कोणाला? ज्याची बॅट त्या महिन्यात तळपत होती त्याला. अर्थात बढतीनंतरच्या घसरणीत पुन्हा दैवाचा वाटा शिरतो, पायरीतील अंतर वास्तवाहून मोठे भासते, आणि ही चूक पुढे वयाच्या वक्रात उतरते. ती कोणत्या दिशेने उतरेल हे कोणत्या जोड्या घेतल्या यावर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील कोणताही वयोवक्र पाहताना प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘शिखर कोठे आहे’ हा नसून ‘यात कोण गळले आहे’ हा होय.

काही उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल. माइक ट्राउट २०१० मध्ये १८ वर्षांचा असताना मिडवेस्ट लीगमध्ये ८१ सामन्यांत ०.३६२ या सरासरीने खेळला. तेथील सर्वसाधारण खेळाडू त्याच्याहून सुमारे तीन वर्षांनी मोठा होता. पुढच्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये पोहोचला. याच्या उलट टोकाला माइक हेसमन. त्याने १९९६ पासून २०१५ पर्यंत दुय्यम लीगमध्ये ४३३ होमरन मारून विक्रम केला. मेजर लीगमध्ये त्याला एकूण १०९ सामने मिळाले व सरासरी ०.१८८ राहिली. परंतु नियम एवढा सरळ नाही. ब्रँडन वुड याने २००५ मध्ये, विसाव्या वर्षी, कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन मारले. वय अनुकूल, आकडे दिपविणारे. तरी मेजर लीगमधील २७२ सामन्यांत त्याची सरासरी ०.१८६ एवढीच भरली. ती लीग फलंदाजांना फार उदार म्हणून प्रसिद्ध होती, ही गोष्ट लहान वयाच्या तेजात दुर्लक्षित राहिली असावी. आणि जोई मेनेसेस : मेक्सिकोतील हा फलंदाज दीर्घकाळ खालच्या पायऱ्यांवर राहून २०२२ मध्ये तिसाव्या वर्षी प्रथम वर आला आणि ५६ सामन्यांत ०.३२४ सरासरीने खेळला.

वयाचे माप तरी कितपत विश्वसनीय? प्रचलित कोष्टकांत हंगामाचे वय ३० जूनच्या दिवशी पूर्ण झालेल्या वर्षांवर धरतात. त्यामुळे ३० जून व १ जुलै रोजी जन्मलेल्या दोघांत प्रत्यक्षात एका दिवसाचे, पण कोष्टकात एका वर्षाचे अंतर पडते. यापेक्षा गंभीर बाब म्हणजे खोट्या जन्मतारखा. क्लीव्हलँडचा पिचर फाउस्तो कार्मोना याचे खरे नाव रॉबेर्तो एर्नांदेस असून तो सांगितले त्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, हे २०१२ मध्ये उघड झाले. जेथे एका वर्षाच्या लहानपणाला रोख किंमत आहे तेथे गरीब घरातील मुलाच्या वयात चूक होते ती यदृच्छया होत नाही. ती ठराविक दिशेनेच होते.

शिवाय वय आणि अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या. २००८ मधील एका स्पर्धेतून निवडला गेलेला उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) पिट्सबर्ग पायरेट्सच्या नवशिक्या संघात उतरला तेव्हा विशीत होता. म्हणजे त्या पायरीच्या मानाने वयस्क. पण त्याने बेसबॉलचा चेंडू हाती धरून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. केवळ वयाचा रकाना पाहणाऱ्यास ही गोष्ट कळावयाची नाही.

संघचालक हा रकाना पाहतात आणि नियमही त्यांना तसे पाहावयास लावतात. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांच्या आत ४० जणांच्या राखीव यादीत घ्यावे लागते, नाही तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो; १९ व्या वर्षी किंवा नंतर आलेल्यांसाठी ही मुदत चार हंगामांची आहे. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामुदायिक करार झाला. ट्रिपल-एमधील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेले. पण त्याच करारान्वये प्रत्येक संघाला अमेरिकेत बाळगता येणाऱ्या अशा खेळाडूंची संख्या २०२४ पासून १८० वरून १६५ करण्यात आली. या कपातीत पंचविशीचा खेळाडू प्रथम दृष्टीस पडणार हे उघड आहे. त्याला संधी कमी मिळते म्हणून त्याच्या वयाच्या यशस्वी खेळाडूंची नोंद कमी होते, आणि नोंद कमी म्हणून पुढील प्रतिमान त्याला आणखी कमी संधी देते. मेनेसेससारखे आणखी किती जण तिसाव्या वर्षापूर्वीच घरी परतले, याचे उत्तर उपलब्ध सामग्रीतून निघू शकत नाही. कारण ती सामग्री त्यांना वगळूनच तयार झालेली आहे.