आकडे ढीगभर, सांगायचं एक

४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा सामना भारतीय हॉकी संघ दहा जणांनी खेळला. तरीही १-१ अशी बरोबरी साधून शूटआउटमध्ये ग्रेट ब्रिटनला ४-२ असं हरवलं. जिंकल्यावर हॉकी इंडियाने पंचगिरीविषयी रीतसर तक्रार केली. त्यातला एक मुद्दा असा, की शूटआउट चालू असताना समोरचा गोलरक्षक व्हिडिओ टॅब्लेट वापरत होता.

टॅब्लेटमध्ये काय असेल याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. कोण येणार, कुठल्या बाजूला वळणार, फटका केव्हा मारणार. शूटआउटमध्ये आक्रमक तेवीस मीटरच्या रेषेपासून निघतो आणि त्याच्याकडे फक्त आठ सेकंद असतात, त्यामुळे अशी माहिती सोन्याच्या मोलाची. आणि तरीही भारताचे चारही प्रयत्न गोलात गेले. एका शूटआउटवरून सिद्धान्त मांडायला मी निघालेलो नाही, पण माहिती डोळ्यांपुढे असणं आणि ती हातापायांत उतरणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कापायचं काम प्रशिक्षकाचं.

मुळात मोजायचं कशाला? प्रशिक्षकाच्या डोळ्याला सगळं दिसतंच की! इयान फ्रँक्स आणि गॅरी मिलर या संशोधकांनी १९८६ मध्ये नवशिक्या प्रशिक्षकांना फुटबॉलच्या खेळाविषयी नंतर प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्याहून कमी गोष्टी त्यांना बरोबर आठवल्या. गोल लक्षात राहतो, भांडण लक्षात राहतं. चेंडू मधल्या फळीत कितीदा आणि कुणाकडून सुटला, हे विरून जातं. म्हणून हल्ली विश्लेषक सामना चालू असतानाच व्हिडिओवर खुणा करत असतो: डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) कितीदा शिरलो, कुठल्या बाजूने शिरलो, चेंडू कुठे गमावला, पेनल्टी कॉर्नर किती मिळाले. भारतीय पुरुष संघात तर ‘अ‍ॅनालिटिकल कोच’ असं पदच होतं. ऑस्ट्रेलियाचा माजी ड्रॅगफ्लिकर ख्रिस सिरिएलो याने ते सांभाळलं. बर्फावरच्या हॉकीतली एक गंमत इथे सांगायला हवी. गोलरक्षकावर किती ताण पडतो हे कळावं म्हणून बफेलो सेबर्स संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कोर्सी गोलच्या दिशेने झालेला प्रत्येक प्रयत्न मोजायचे, अडलेला आणि हुकलेलासुद्धा. पुढे लोकांनी तोच आकडा सामन्यावर कुणाची पकड आहे हे ओळखायला वापरला आणि त्याला त्यांचंच नाव चिकटलं.

मोजणी हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी कसोटी दोन मिनिटांची असते. मध्यंतर सोडलं तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या सत्रांच्या मध्ये एवढाच वेळ मिळतो. खेळाडूची छाती धपापतेय, तोंडाला पाण्याची बाटली आहे, मनात अजून मघाची चूक घोळतेय. माणसाच्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी टिकतात, असं नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं, आणि तेही शांत बसलेल्या माणसाबद्दल. अशा वेळी प्रशिक्षकाने टक्केवारी वाचून दाखवली तर ती वाऱ्यावर जाते. ‘त्यांचा उजवा बचावपटू वर चढला की परत यायला उशीर करतो, चेंडू त्याच्या पाठीमागे टाका,’ एवढंच सांगितलं तर पाय आपोआप तिकडे वळतात. वाक्याच्या मागे तीस क्लिप आणि चार तक्ते असतील. खेळाडूला त्यांचं ओझं कशाला?

वाक्य कसं असावं यावरही संशोधन झालंय. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगचा सराव देणाऱ्या यंत्रावर काही जणांना पायावर लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांवर. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. म्हणून ‘मनगट वळव’ म्हणण्यापेक्षा ‘चेंडू त्या फळीवर आदळव’ हे बरं. स्वतःच्या अवयवांवर पहारा बसवला की मुरलेली हालचालही अडखळते.

टोकियो ऑलिम्पिकमधला ५ ऑगस्ट २०२१ चा कांस्यपदकाचा सामना घ्या. भारताने जर्मनीला ५-४ असं हरवलं. शेवटचे सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या सामन्यात जर्मनीला एकूण तेरा कॉर्नर मिळाले होते आणि गोल झाला फक्त एकावर. कॉर्नर दिला की बचावाला चाळीस सेकंद मिळतात. त्यात मुखवटे चढवायचे, गुडघ्यांना पॅड बांधायचे आणि पहिला धावणारा कुठल्या रेषेने सुटणार हे पक्कं करायचं. अभ्यास आदल्या दिवशीच झालेला असतो. मैदानावर एक खूण पुरते.

पण तेरातला एक, हे सगळं श्रेय अभ्यासाचं? समजा, दर पाच कॉर्नरमागे एक गोल होतो. मग नुसत्या योगायोगानेही तेरा कॉर्नरमध्ये एक किंवा शून्य गोल होण्याची शक्यता सुमारे २३ टक्के निघते. म्हणजे बचाव सामान्य असला तरी चारेक वेळा खेळलात तर सरासरी एकदा असं घडेल. शहाणा प्रशिक्षक म्हणूनच एका सामन्याच्या आकड्यावरून कुणाला संघाबाहेर काढत नाही. खेळाडूंचा आकड्यांवरचा विश्वास उडतो तो बहुधा अशाच घाईने.

खेळाडू अंगात घालतात त्या जीपीएसच्या बनियनचंही तसंच. धावण्याचं अंतर, वेग, विश्रांती यांवरून सरावाचा भार ठरवणं ही त्याची मोठी देणगी. भारतीय महिला संघ टोकियोत चौथा आला, त्या संघासोबत वेन लोम्बार्ड हे शास्त्रीय सल्लागार याच कामाला होते. तेच बनियन ‘कोण आळशी’ हे शोधायला वापरलं की मुली मीटर वाढवण्यासाठी उगाच धावू लागतील. फलटण तालुक्यातल्या खेड्यांतून भारतीय संघात आलेल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे अशा मुलीही या सगळ्या यंत्रणेत वावरल्या आहेत.

एखाद्या लहान गावात पीटीच्या सरांना हे करायचं असेल, तर जीपीएस नको की टॅब्लेट नको. राखीव खेळाडूच्या हातात वही द्यायची. मैदानाचे तीन उभे पट्टे आखायचे, डावा, मधला, उजवा, आणि समोरचा संघ डीमध्ये शिरला की त्या पट्ट्यात एक रेघ ओढायची. खेळ कबड्डीचा असेल तर चढाईत गडी कुठल्या कोपऱ्यात बाद झाला त्याची रेघ. राखीव पोराचंही लक्ष खेळात राहतं, हा वरचा फायदा. मध्यंतराला सरांनी वही स्वतः पाहायची, मिटून खिशात ठेवायची आणि मग मुलांकडे जायचं.