चळवळीतला राग आणि कार्यकर्त्याचा रक्तदाब

"स्वभावानेच तापट, म्हणून त्याला बीपी आहे," असे आपल्याकडे सहज बोलले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे चळवळीतल्या तरुणांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

ताण आला की मेंदू शरीराला सावध करतो. रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. प्रसंग टळला की तो उतरतो. संशोधक हे मोजण्यासाठी माणसाला मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करायला सांगतात किंवा हात बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावतात. आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांत ही उसळी अनेकदा मोठी असते. पण सगळ्यांची सारखी नसते. स्वभावाचा प्रश्न इथे येतो.

१९५९ मध्ये अमेरिकेतील फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी सतत घाई, चढाओढ आणि चिडचिड करणाऱ्या वागणुकीचा संबंध हृदयविकाराशी जोडला. तिला पुढे 'टाइप ए' हे नाव मिळाले. नंतर दिसले की खरा धोका घाईपेक्षा मनात साचलेल्या वैरभावाचा आहे. १९९० च्या दशकात बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी 'टाइप डी' मांडला: मनात सतत खिन्नता, आणि लोक नाकारतील या भीतीने ती कुणाजवळ न बोलणे. या सगळ्यांवर अजून वाद आहेत. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अन्यायाचा राग येणे हा दोष नाही. तो रोज गिळत राहणे किंवा रात्रभर मनात घोळवणे शरीराला महागात पडू शकते.

आपल्याला सर्वांत जवळचे वाटावे असे संशोधन कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ शर्मन जेम्स यांचे आहे. नॉर्थ कॅरोलायनात त्यांना जॉन हेन्री मार्टिन हे शेतकरी भेटले. बटाईदाराच्या घरात जन्मून, जेमतेम शिकून, अतोनात कष्टाने मार्टिन यांनी चाळिशीपर्यंत ७५ एकर जमीन स्वतःची केली. पुढे उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटाचा अल्सर त्यांच्या मागे लागला. काहीही झाले तरी कष्टाने मात करायचीच, या वृत्तीला जेम्स यांनी १९८३ मध्ये 'जॉन हेन्रीइझम' म्हटले. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत ही वृत्ती विशेषतः साधने तुटपुंजी असणाऱ्यांच्या रक्तदाबाशी जोडलेली दिसली. म्हणजे दोष जिद्दीचा नाही, जिद्दीला पाठबळ नसण्याचा आहे.

मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. १९७८ चे हल्ले सोसून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत लढलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि उच्च रक्तदाबाने ग्रासले होते, तरी काम थांबले नाही. त्यांच्या कष्टांचा आदर्श घ्यावा. आजार अंगावर काढण्याचा घेऊ नये.

मग करायचे काय? रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. माहूरकरांनी त्यासाठी नांदेड गाठायची गरज नाही, गावातले ग्रामीण रुग्णालय आहे. गोळी सुरू झाली की बरे वाटते म्हणून ती बंद करू नका. मीठ कमी करा, तंबाखू सोडा. आनापानाने मन शांत होत असेल तर जरूर करा, पण ते गोळीच्या जागी नाही.

आणि एकट्याच्या खांद्यावर सगळे ओझे टाकू नका. पोलीस ठाणे, तहसील, कोर्ट या खेपा आळीपाळीने वाटून घ्या. पौर्णिमेला विहारात जमतो, तेव्हा तिथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा आणि सुरुवात ज्येष्ठ कार्यकर्त्यांपासून करा. लढा लांबचा आहे, त्यासाठी माणसे टिकली पाहिजेत.

जय भीम!