आधी कुलूप, मग किल्ली



उसाची लागण तारीख, काट्यावरचे वजन आणि बिल जमा होणारा बँक खाते नंबर या तिन्ही गोष्टी आता कॉम्प्युटरात असतात. लागणीची तारीख आठ दिवस मागे-पुढे झाली तरी तोडीचा नंबर हलतो, हे आपणांस सांगायला नको. तेव्हा ही नोंद कोण बघू शकतो आणि कोण फिरवू शकतो, हे सभासदाने समजून घेतलेले बरे.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावे एक खाते उघडतात. खाते उघडल्याबरोबर त्याला काही मुभा आपोआप मिळते. ती किती असावी, हे व्यवस्थेत एकदाच ठरवून ठेवलेले असते. गोम इथेच आहे. हंगाम तोंडावर आला की हंगामी माणसांची खाती घाईने उघडली जातात. मूळ मुभा सैल असेल, तर काट्यावरच्या कारकुनालाही बँक नंबर बदलता येईल. माणूस सचोटीचा असला, तरी चुकून बोट पडायला कितीसा वेळ लागतो?

अमेरिकेतील साल्टझर व श्रोडर या दोघा संशोधकांनी १९७५ साली यावर साधा नियम मांडला : आधी सगळे बंद ठेवा, मग कामापुरते उघडा. कारणही व्यवहारी आहे. एखादी परवानगी द्यायची राहिली, तर माणूस स्वतःच ‘माझे काम अडले’ म्हणून सांगत येतो. बंदी घालायची राहिली, तर मात्र कुणीच बोलत नाही.

मोठमोठ्या व्यवस्थांनाही हे उशिरा सुचले. उबुंटू या व्यवस्थेत नव्या खात्याचा खाजगी कप्पा त्याच मशीनवरच्या इतर खातेदारांना बघता येत असे. २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून तो बंद झाला. पण आधीच्या मशीनवर नवी आवृत्ती चढवली, तरी जुने कप्पे होते तसेच उघडे राहिले.

म्हणजे नियम आज घट्ट केला, तरी तो नव्या खात्यांना लागतो. जुनी खाती, त्यांत काम सोडून गेलेल्यांचीही आली, एकेक काढून तपासावी लागतात. मिलची ओव्हरहॉलिंग चालते तेव्हाच हे काम उरकायला हवे.

गट ऑफिसात गेलात, तर आपल्या नोंदीत शेवटचा बदल केव्हा आणि कुणाच्या खात्यातून झाला, हे जरूर विचारा.