पिवळ्या पायांची वारसनोंद

१९८६ साली पाटण तालुक्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे अर्ज तपासत असे. कुक्कुटपालनाचे अर्ज पुष्कळ यायचे. योजनेत बसायची ती पांढरी लेगहॉर्न. गावठी कोंबडीला त्या कागदावर रकानाच नव्हता. एकदा डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी गावठी कोंबड्यांसाठी कर्ज मागायला आली. "सायेब, रानातल्या कोंबड्याचं रगात हाय ह्यांच्यात. पाय बगा, हळदीवानी." मी हसलो आणि अर्ज परत केला. अर्ज परत करणं नियमातलं होतं, हसणं नव्हे.

रानातला म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असतात, तो. तेव्हा शास्त्र माझ्याच बाजूला होतं. पाळीव कोंबडीचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा, असा निकाल डार्विनने १८६८च्या ग्रंथात देऊन ठेवला होता. राखीशी झालेला संकर फारसा फळत नाही, हा त्याचा एक आधार. फाइल बंद!

ती उघडली २००८ साली, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ आंदेरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मक्यातून, हिरव्या पाल्यातून कोंबडीच्या अंगात पिवळी रंगद्रव्यं जातात. त्यांचे तुकडे करणारं एक प्रथिन असतं. तांबड्या रानकोंबड्याच्या कातडीत ते आपलं काम चोख करतं, म्हणून कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत हे प्रथिन नासलेलं नसतं. शरीरात इतरत्र ते तयार होतच असतं. कातडीपुरता मात्र त्याचा पुरवठा आटतो आणि रंग साचून राहतो. हा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. संयुक्त खात्यासारख्या दोन्ही सह्या हव्यात! संशोधकांनी या जनुकाची अक्षरं जुळवून पाहिली, तेव्हा ती तांबड्याशी जुळेनात; जुळली राखी रानकोंबड्याशी.

म्हणजे कोंबडीचा बहुतेक वारसा तांबड्याचा हे डार्विनचं म्हणणं टिकलं, पण वारसनोंदीत एक नाव राहून गेलं होतं. संकर फारसा फळत नसेल, तरी कधीतरी फळला होता, आणि माणसांनी ती पिवळी पिल्लं आवडीनं राखली असणार.

गंमत पुढेच आहे. मी ज्या विलायती लेगहॉर्नना आनंदानं कर्ज मंजूर करीत होतो, त्यांचेही पाय पिवळेच असतात. सह्याद्रीच्या पाखराची सही अंगावर घेऊन त्या परदेशी म्हणून माझ्या टेबलावर आल्या होत्या. मी सह्या पडताळण्याचाच पगार घेत होतो.

म्हातारीचं सगळं खरं होतं असंही नाही. तो संकर तिच्या परसात नुकताच झालेला नव्हे, फार जुना. तारीख चुकली होती, दाखला बरोबर होता. तिचं नाव मला आठवत नाही. अर्जावर अंगठा होता.