आजीच्या आजाराची नोंद

माझी आजी १९९१ च्या उन्हाळ्यात गेली. तिचे वय तेव्हा बासष्ट होते आणि मी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पाळी जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले, ही गोष्ट तिने वर्षभर कोणासही सांगितली नाही. पुढे सांगितली ती केवळ आत्याला, आणि तीही शपथ घालून. आम्ही तिला सोलापूरला नेले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटात पसरला होता. परतीच्या एस.टी.त माझा हात धरून ती एवढेच म्हणाली, "बाबा, हे गावात बोलू नगंस."

आम्ही तिचा शब्द पाळला. मृत्यूची नोंद करताना घरच्यांनी कारण सांगितले : वार्धक्य. त्याच वर्षी मी सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी ओळखावयास शिकत होतो; पण घरात त्या रोगाचे नाव घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या खोट्या नोंदीचे मोल मला फार उशिरा कळले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, हे जाणून तेथील कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले. काही वर्षांतच त्या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण तुलनेने लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. नोंद ठेवण्यासाठी केलेली विचारपूस हीच औषधाची पहिली मात्रा ठरली.

या पायावर पुढचे संशोधन उभे राहिले. आमच्या तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात सुमारे आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटात तपासणीची मोहीम राबविली नव्हती, त्यात ६४. दोन्ही गटांची संख्या जवळजवळ सारखी होती. आज जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक तपासणीसाठी याच चाचणीला प्राधान्य देते.

दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो होणे आवश्यकही होते. मला त्या चौसष्ट जणींचे ऋण वाटते. त्यांचे मृत्यू खऱ्या कारणासह लिहिले गेले, म्हणून इतरांचे प्राण वाचविण्याचा मार्ग सापडला. माझ्या आजीचा मृत्यू मात्र कोणाच्याच उपयोगी पडला नाही. त्याला आम्ही घरची माणसे कारण आहोत.

ज्या कल्याणात बाराव्या शतकात अक्कमहादेवींसारख्या स्त्रिया अनुभवमंडपात निर्भयपणे बोलल्या असे आपण अभिमानाने सांगतो, तेथे एका वृद्धेला स्वतःच्या दुखण्याविषयी बोलता येऊ नये, याची खंत वाटते.

वैद्यकबंधू-भगिनींनो, संशोधनास साहाय्य म्हणजे केवळ देणगी नव्हे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला, तिच्यासोबतच्या मंडळींना बाहेर बसवून, अंगावरून जाण्याविषयी विचारू या. मराठी, कन्नड, उर्दू, जी तिची भाषा असेल तीत विचारू या. तिला तपासणीसाठी पाठवू या. मृत्यूच्या दाखल्यावर खरे कारण लिहू या. उद्या एखादा अभ्यास आपल्या गावी आला तर संमतिपत्र आधी आपण वाचू, शंका विचारू, आणि मगच रुग्णास समजावून सांगू.

माझ्या आजीच्या नावापुढे आजही 'वार्धक्य' हाच शब्द आहे. निदान या पानावर तरी खरे कारण नोंदले जावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.