गुत्तेदारी परभणीहून पुण्याला नेताना

गेल्या नोव्हेंबरात एका विद्यार्थिनीचे वालिद शाळेत आले. "सर, टीसी पाहिजे. धंदा पुण्याला हलवतोय." टाइल्स, पीओपी, रंग, किचन ओटा, जुनं घर नवं करून देणारे गुत्तेदार. हाताखाली सात-आठ पोरं. मी विचारलं, "इथली कामं?" तीन घरं अर्धी होती. तिन्हीकडून उचल घेतलेली, वर हार्डवेअरच्या दुकानात उधारी.

टीसी अडवायचा मला हक्क नाही. पण म्हटलं, भाई, जरा बसा.

आपल्याकडचे मिस्त्री कामासाठी पुण्याला, हैदराबादला जातातच. मात्र मजूर म्हणून जाणं वेगळं आणि धंदा नेणं वेगळं. मजूर पिशवी उचलून निघतो. गुत्तेदाराची खरी पुंजी त्याचं नाव असते, आणि ते परभणीतच राहतं. इथे "अमक्याचं घर यानेच केलं" एवढ्यावर काम मिळतं. पुण्यात तुम्हाला कोण ओळखतं? तिथला पहिला ग्राहक चौकशी करणार ती परभणीतच. मागे अर्धी घरं सोडून गेलात तर तीच खबर पुढे पोचते. म्हणून आधी घेतलेली कामं उरका, नाहीतर उचल परत करा. दुकानदाराचा हिशोब चुकता करा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असं सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे; कुरआनातली सगळ्यात लांब आयत तीच. आणि आपण म्हणतो, जबान दिली ना, बस्स!

पुण्यात नुसत्या जबानीवर चालत नाही. बरंच काम फ्लॅटमध्ये. सोसायटीची परवानगी लागते, कधी डिपॉझिट, पोरांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स. दुपारी ठोकाठोकी बंद, बहुतेक ठिकाणी रविवारी काम बंद. म्हणजे परभणीत आठ दिवसांत होणारं बाथरूम तिथे बारा-चौदा दिवस घेतं, आणि पोरांची हजेरी तुम्हाला पूर्ण द्यावी लागते. राडारोडा खाली रस्त्यावर टाकला तर दंड होऊ शकतो, त्याच्या गाडीचं भाडं वेगळं. पिलर, बीमला हात लावायचा नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी. इथलाच स्क्वेअर फुटाचा रेट तिथे सांगितलात तर घरातून पैसे घालावे लागतील. भाव ठरवताना काम काय, माल कुणाचा, पैसे कोणत्या टप्प्यावर, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

कागदपत्रांचं तसं सोपं आहे. जीएसटी नंबर असेल तर महाराष्ट्रात तोच चालतो, फक्त मुख्य पत्ता बदलल्याचं 15 दिवसांत पोर्टलवर कळवायचं. हैदराबादला गेलात तर राज्य बदललं: 27 ने सुरू होणारा नंबर तिथे चालत नाही, 36 चा नवा घ्यावा लागतो. उद्यम नोंदणीतला पत्ताही बदला. त्याला फी नाही, एजंटला पैसे देऊ नका. पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर 90 दिवस काम केल्याचे दाखले इथून निघण्याआधीच गोळा करा, नंतर कोण देतो? रेशन मात्र परभणीच्याच कार्डावर पुण्यात मिळतं.

राहिली मुलं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 प्रमाणे टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पण उर्दू माध्यमाची मुलगी वर्षाच्या मध्यात उचलून नेली, आणि घराजवळ उर्दू शाळाच नसली तर? खोली भाड्याने घेण्याआधी शाळा बघा. शक्य असेल तर पहिले सहा महिने एकट्याने जा, दोन पोरं सोबत घ्या, घरच्यांना वार्षिक परीक्षेनंतर न्या.

त्या भाईंनी तेव्हा टीसी नेला नाही. एप्रिलमध्ये नेला. दोन घरं पूर्ण झाली होती, तिसऱ्याची उचल त्यांनी दोन हप्त्यांत परत केली. त्या घरमालकाच्या भाच्याचा फ्लॅट हडपसरला आहे, पुण्यातलं त्यांचं पहिलं काम तेच.