ग्वांगझूमार्गे घरी

चीनमधून मूल दत्तक घेणाऱ्या अमेरिकी पालकांचा प्रवास दोन टप्प्यांत होई. आधी मूल ज्या प्रांतातलं, तिथली राजधानी. तिथे नागरी व्यवहार खात्याच्या कार्यालयात मूल त्यांच्या हाती दिलं जाई, बहुतेकदा पहिल्याच भेटीत. मग ग्वांगझू. दत्तक मुलांचे अमेरिकी व्हिसा तिथल्या वकिलातीतून मिळत, त्यामुळे वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांसाठी सगळी कुटुंबं याच शहरात येत. शामियान बेटावरचं ‘व्हाइट स्वान’ हॉटेल हा त्यांचा ठरलेला मुक्काम. तिथे उतरणाऱ्यांसाठी मॅटेल कंपनीने चिनी बाळ कडेवर घेतलेली खास बार्बीही काढली होती.

पालकांनी मुलाशी झालेल्या त्या पहिल्या भेटीबद्दल भरभरून लिहिलं. सांभाळणाऱ्या बाईंपासून एका सकाळीत तुटलेल्या मुलाच्या बाजूने मात्र फार कमी लिहिलं गेलं, आणि ती बाजू तितकीच खरी आहे.

१९९२पासून दीड लाखाहून अधिक मुलं अशी परदेशी गेली, त्यांत मुली जास्त. २०२०मध्ये कोविडमुळे हे प्रवास थांबले. सप्टेंबर २०२४मध्ये चीनने जवळचे नातेवाईक आणि सावत्र मुलं वगळता परदेशी दत्तक बंद केलं. मूल ठरलेलं असूनही शेकडो अमेरिकी कुटुंबांना ते भेटलं नाही.